एका सुताची जागा

राजापूरच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीत एक फडताळ होते. फणसाची चौकट, सागाच्या फळ्यांची दोन दारे, आत लोणच्याच्या बरण्या, तुपाचे भांडे आणि सर्वांत वरच्या कप्प्यात आजोबांची औषधांची पेटी. मृगाचा पाऊस सुरू झाला की या फडताळाचे उजवे दार जड होऊ लागे. श्रावणात ते इतके फुगे, की आजी आधी खालच्या कोपऱ्यावर तळहाताची थाप मारी आणि मगच कडी ओढी. गणपतीला आलेला कुणी ना कुणी पाहुणा दरवर्षी तोच सल्ला देई, "काकू, सुताराला बोलावून थोडा रंधा मारून घ्या, मोकळं होईल." आजीचे उत्तरही दरवर्षी तेच असे, "मार्गशीर्षात आपसूक होईल मोकळं. आत्ता तासलंत, तर चैत्रात फटीतून झुरळं ये-जा करतील."

या उत्तरात सुतारकामाचे मर्म आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. पुण्यात, पाडलेल्या वाड्यातून निघालेल्या एका सागवानी दाराच्या फळ्या मी विकत घेतल्या आणि घराच्या गॅलरीत बसून तीन फुटी कपाट करायला घेतले. ऐन पावसाळ्यात, दमट हवेत, दाराची चौकट केली, तिच्या खाचेत मधले पॅनेल बसवले आणि ते कधीच हलू नये म्हणून चारही बाजूंनी सरळ चिकटवून टाकले. काम नेटके झाले होते. एप्रिलमधल्या एका रात्री "टक्" असा आवाज झाला. सकाळी पाहतो तर पॅनेलला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेलेली. लाकूड वाईट नव्हते, सांधा कच्चा नव्हता, धार बोथट नव्हती. लाकडाला जी जागा हवी होती ती मी दिली नव्हती, एवढेच.

हे पुस्तक त्या चिरेतून सुरू झाले. घरच्या घरी, हातहत्यारांनी, लाकडाचे एक कपाट कसे करावे हा त्याचा विषय. पण कपाट करायला शिकणे म्हणजे मुख्यतः एक गोष्ट शिकणे: झाड तोडल्यावर, फळी कापल्यावर, पॉलिश चढवल्यावरही लाकूड दरवर्षी हलत राहते, आणि चांगले कपाट त्या हालचालीची सोय आधीच करून ठेवते. जगभरच्या सुतारांनी हजारो वर्षे याच एका प्रश्नाची उत्तरे शोधली. त्यांच्या परंपरांमधले फरक हे बहुतांशी या उत्तरांमधले फरक आहेत. नव्याने या विषयात येणाऱ्याला तो प्रश्न आणि ती उत्तरे आधी दाखवावीत, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी लाकडाचे बोलू. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. झाड तोडल्यावर पोकळीतले पाणी आधी जाते, तोवर लाकूड हलके होते पण आकसत नाही. भिंतींमधले पाणी जाऊ लागले की मात्र ते आकसते. पुढे आयुष्यभर ते हवेतल्या दमटपणाप्रमाणे हे पाणी घेत आणि सोडत राहते. ही हालचाल सगळीकडे सारखी नसते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, लाकूड जवळजवळ हलत नाही. ते हलते रुंदीत. त्यातही खोडाच्या वर्तुळांना स्पर्श करून कापलेली फळी ही गाभ्यापासून सालीकडे उभी कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. साग हा या बाबतीत फार शहाणा मानला जातो, तरीही त्याची फूटभर रुंदीची फळी मे महिना आणि ऑगस्ट यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर सरकू शकते.

दोन-तीन मिलिमीटर म्हणजे सुताराच्या भाषेत एक सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत, आणि आजही आपल्याकडचे मिस्त्री "दोन सूत कमी कर" असेच बोलतात. सूत म्हणजे धागाही. गेरूत किंवा काजळीत भिजवलेला धागा ताणून लाकडावर मारायचा, उमटलेल्या रेघेवर कापायचे, ही जुनी रीत. सुतार हा शब्दच सूत्रधारापासून, सूत धरणाऱ्यापासून आला आहे. सरळपणाची उपमा द्यायची तर आपण अजूनही "सुतासारखा सरळ" म्हणतो. सुतारकामाची दोन्ही टोके या एका शब्दात येतात. एका बाजूला ताणलेल्या धाग्याइतकी अचूक रेघ, आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच काळजीने राखलेली एका सुताची जागा.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. सुताराच्या पेटीत आपल्या भाषेचा इतिहास ठेवलेला आहे. करवत संस्कृत करपत्रातून आली, फळी फलकातून. रंधा हा शब्द फारसी. बिजागरी आणि चावी पोर्तुगीजांकडून आल्या, आणि स्क्रू इंग्रजांकडून. कपाट हा मूळ संस्कृत शब्द, पण त्याचा तिथला अर्थ दाराचे फळे असा आहे. हिमालयातल्या देवळांचे कपाट उघडले असे हिंदीत म्हणतात ते याच अर्थाने. मराठीत दाराचे नाव सबंध वस्तूला मिळाले. मला हे फार योग्य वाटते, कारण कपाट करताना सर्वांत कठीण भाग असतो तो दाराचा. मांडणी कुणालाही ठोकता येते. तिला दार लावले, की ते वर्षाचे बारा महिने उघडावे आणि मिटावे अशी अपेक्षा सुरू होते, आणि ऋतूंशी हिशेब करावा लागतो.

हालचालीच्या प्रश्नाला माणसाने ढोबळमानाने तीन उत्तरे दिली.

पहिले उत्तर: सगळ्या फळ्यांना सोबत हलू द्या. पेटीच्या चारही बाजूंच्या फळ्यांचे रेषे एकामागून एक फिरत गेले, तर दमट हवेत चौघीही सारख्याच फुगतात आणि सारख्याच आकसतात. कुणी कुणाला ओढत नाही. अशा फळ्या कोपऱ्यांत डव्हटेलच्या सांध्याने गुंतवल्या, की पेटी पिढ्यानपिढ्या टिकते. पारव्याच्या शेपटीसारखा रुंदावत जाणारा हा सांधा एका दिशेने ओढला तर सुटत नाही, आणि ड्रॉवर नेमका त्याच एका दिशेने, पुढून, ओढला जातो. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातून १९२२ नंतर निघालेल्या सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या फर्निचरात हे सांधे आहेत.

दुसरे उत्तर: चौकट करा आणि तिच्यात फळीला मोकळे सोडा. चौकटीचे उभे-आडवे भाग अरुंद असल्याने फारसे हलत नाहीत. ते खाच आणि कुसू (खाचेत बसणारे जिभेसारखे टोक) यांनी घट्ट जोडायचे. मधले रुंद पॅनेल मात्र आतल्या कडेच्या खोबणीत नुसते ठेवायचे, चिकटवायचे नाही, आणि खोबणीच्या तळाशी दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडायची. पॅनेल तिथे आकसते, फुगते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्या कपाटाने मोडलेला नियम तो हाच.

तिसरे उत्तर: हलणेच थांबवा. लाकडाचे पातळ पापुद्रे काढून एकावर एक असे चिकटवा, की प्रत्येकाचे रेषे शेजारच्याशी काटकोनात येतील. मग प्रत्येक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. हे प्लायवूड. आज आपल्या घरांत जे कपाट म्हणून उभे असते ते बहुतेक याच उत्तराचे असते.

या तीन उत्तरांचा नकाशा हातात धरून इतिहासाकडे पाहिले की तो सोपा होतो. खाच आणि कुसू हा सांधा लोखंडापेक्षाही जुना. जर्मनीत लाइपझिगजवळ आल्टशेरबिट्झ इथे सुमारे ७००० वर्षांपूर्वीची एक विहीर सापडली. तिला ओकच्या फळ्यांचे अस्तर आहे आणि त्या फळ्या दगडी हत्यारांनी कोरलेल्या खाचांत कुसू घालून जोडल्या आहेत. रंधा त्या मानाने नवा; पॉम्पेईच्या राखेत, म्हणजे इसवी सन ७९ च्या सुमाराचे, रोमन रंधे मिळाले. युरोपात मध्ययुगापर्यंत पेट्या बऱ्याचदा जाड फळ्या खिळ्यांनी ठोकून केल्या जात आणि त्या तडकत. पंधराव्या शतकात चौकट-पॅनेलची पद्धत सर्वदूर पसरली. हे काम इतके वेगळे कौशल्य ठरले, की लंडनमध्ये १६३२ साली साधे सुतार आणि सांधेवाले सुतार यांच्यात कोणी काय करावे याची अधिकृत वाटणी करावी लागली. कपाट करणारा हा स्वतंत्र कारागीर त्याच शतकात पुढे आला. जोसेफ मॉक्सनने १६७७ पासून हप्त्याहप्त्याने कारागिरीचे इंग्रजी पुस्तक काढले. फ्रान्समध्ये आंद्रे रूबो या स्वतः सुतारकाम करणाऱ्या माणसाने १७६९ पासून आपला भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. या दोघांमुळे तोवर हातातून हातात जाणारी विद्या प्रथमच एवढ्या तपशिलाने कागदावर आली.

चीनमध्ये मिंग काळातल्या कारागिरांनी चौकट-पॅनेलचे उत्तर कळसाला नेले. त्यांच्या कपाटांत पॅनेल चौकटीत तरंगते आणि सांधे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की गोंदावर फारसे काही अवलंबून राहत नाही. जपानने वेगळी वाट घेतली. तिथली करवत आणि रंधा दोन्ही ढकलायचे नसून स्वतःकडे ओढायचे असतात, त्यामुळे पाते पातळ ठेवता येते आणि काम जमिनीलगत बसून करता येते. कपड्यांच्या जपानी पेट्यांसाठी किरी नावाचे अतिशय हलके लाकूड वापरतात. त्यांचे ड्रॉवर इतके नेमके बसवलेले असतात की एक आत सारला तर दाबल्या गेलेल्या हवेने दुसरा हळूच बाहेर येतो.

आपल्या भूमीवर लाकूड सहसा टिकत नाही. वाळवी आणि पाऊस त्याला राहू देत नाहीत. म्हणून आपल्या सुतारकामाचा प्राचीन पुरावा दगडात आणि शब्दांत शोधावा लागतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहा. छताच्या कमानीला लावलेल्या सागाच्या फासळ्या सुमारे २००० वर्षांच्या आहेत. दगडाच्या छताला त्यांच्या आधाराची काही गरज नव्हती. पण लाकडी सभागृहाची सवय डोळ्यांना इतकी होती की दगडातही ती फासळ्यांची ओळ हवीशी वाटली. अलीनचित्त जातकात बनारसजवळच्या सुतारांच्या गावाची गोष्ट आहे. ते नदीने वर जंगलात जात, घराचे भाग तिथेच घडवत, पहिल्या खांबापासून सगळ्यांवर खुणा करत आणि नावेतून शहरात आणून जुळवत. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत पलंग आणि आसने कोणत्या लाकडाची करावीत याचा विचार मांडला. अमरकोशात सुताराला तक्षा, वर्धकी, त्वष्टा, रथकार अशी नावे दिली आहेत.

महाराष्ट्रात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, मोटेचे लाकडी भाग, बैलगाडीचे चाक आणि घराचा वासा हे त्याचे रोजचे काम, आणि त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा. त्याची मुख्य हत्यारे वाकस, करवत, पटाशी, रंधा आणि भोक पाडायला दोरीने फिरवायचा सामता. तो जमिनीवर बसून, पायांनी लाकूड दाबून धरून काम करी. त्याचे पाय हाच त्याचा शिकंजा होता. वाड्यांचे सुरूदार खांब, कोरीव तुळया, देव्हारे आणि फडताळे याच हातांतून आली. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पाहताना हे आठवावे.

किनाऱ्यावर दुसरीच गोष्ट घडत होती. गोव्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांच्या मागणीवरून अनेक ड्रॉवरांची कपाटे बनू लागली. घाट युरोपी, लाकूड साग आणि आबनूस, नक्षीत हस्तिदंत, आणि पायांच्या जागी कधी नागिणी तर कधी मत्स्यकन्या. ती आज लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारी सागापासून बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. पाण्यात बुडून आणि उन्हात तापूनही कमी हलणारे लाकूड म्हणून सागाची जी ख्याती झाली, तिचा याहून बोलका दाखला सापडणार नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईची काळ्या शिसवीची कोरीव कपाटे आणि खुर्च्या दूरदूर गेल्या, आणि त्याच शतकात सर ज. जी. कलाशाळेत १८९१ साली कारागिरीच्या कार्यशाळा सुरू झाल्या.

यंत्रे आली तसे एकोणिसाव्या शतकात हातकामाचे दोन परस्परविरोधी प्रवाह झाले. एका बाजूला हत्यारेच कारखान्यात सुधारली. १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने लेनर्ड बेलीची पेटंट घेतली आणि स्क्रूने पाते वर-खाली करता येणारा लोखंडी रंधा जगभर पोचला. आज बाजारात मिळतो तो बहुतेक त्याचाच वंशज. दुसऱ्या बाजूला इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या मागून अर्नेस्ट गिमसनसारख्यांनी यंत्राच्या मालाला विरोध करत सांधे उघडे दाखवणारे साधे फर्निचर केले. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस आणि स्वीडनमध्ये ऑटो सॉलोमन यांनी लाकूडकाम शाळेत नेले. त्यांचा हेतू सुतार तयार करण्याचा नव्हता. हात, डोळा आणि विचार एकत्र चालले की मूल नीट शिकते, हा त्यांचा विश्वास होता.

हा विश्वास आपल्याकडे अनोळखी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि मूलोद्योग हा शब्द मराठी शाळांत रुळला. कुणाच्या वाट्याला सूतकताई आली, कुणाच्या सुतारकाम. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून डॉ. श्रीनाथ कलबागांनी हाच धागा नव्या पद्धतीने पुढे नेला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन माणसांनी घरगुती हातकामाला नवी दिशा दिली. जेम्स क्रेनॉव्ह स्वीडनमध्ये शिकला, स्वतःचे लाकडी रंधे स्वतः केले आणि लहान, नाजूक कपाटांनाच आयुष्य दिले. १९७६ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकामुळे असंख्य हौशी माणसांना घराच्या एका कोपऱ्यात काम करायचे धैर्य मिळाले. जॉर्ज नाकाशिमाचा तर आपल्या देशाशी थेट संबंध. १९३० च्या दशकात तो पाँडिचेरीत गोलकोंड या अरविंदाश्रमाच्या वसतिगृहाच्या बांधकामावर होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, तेव्हा तिथे भेटलेल्या एका जपानी सुताराकडून तो हातहत्यारे शिकला. पुढे १९६४ मध्ये त्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही काम केले. फळीला गेलेली चीर तो लपवत नसे. ती पुढे वाढू नये म्हणून तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी कडी आडवी बसवी आणि चीर तशीच दिसू देई. हालचालीच्या प्रश्नाला त्याने दिलेले हे चौथे उत्तर म्हणता येईल.

आता आजचे. प्लायवूडला नावे ठेवण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. शहरातल्या लहान घरांना स्वस्त, सपाट, न हलणारी कपाटे हवी होती आणि ती त्याने दिली. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आले आणि सुताराची सरस उकळण्याची कटकट संपली, हेही खरे सुखच. पण या सोयींबरोबर एक ज्ञान हळूहळू हातांतून निघून गेले. आज तिशीच्या आतला मिस्त्री प्लाय आणि लॅमिनेट कापण्यात तरबेज असतो. पण सागाच्या फळीचे रेषे कोणत्या बाजूला चढतात हे बोटाने ओळखायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम पहिल्या ओळीत आहे. कर्ज आणि हत्यारांचा संच मिळणे गरजेचे आहेच. पण फळीशी बोलण्याची रीत शिकवणारा माणूस शेजारी असावा लागतो, आणि असा माणूस गावोगाव कमी होत चालला आहे. हे पुस्तक लिहिण्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण लाकडाचेच. शिसवीच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाखाली आहेत. खासगी जमिनीवरचे सागासारखे झाड तोडायलाही महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. चांगला नवा साग महाग आहे आणि तो महाग असलाच पाहिजे. याउलट वाडे, चाळी आणि कौलारू घरे पाडली जात असताना पन्नास-शंभर वर्षे सुकलेले लाकूड जुन्या बाजारांत ढिगाने पडलेले असते. ते खिळ्यांनी भरलेले, वाकडे, डागाळलेले असते, म्हणून यंत्रवाले ते नाकारतात. हातहत्याराला मात्र त्याची अडचण वाटत नाही. खिळा दिसला की थांबता येते, उपसता येतो, पुन्हा रंधा चालवता येतो. आपल्याच शहराचे मोडलेले दार आपल्या घरातले कपाट होऊ शकते.

तिसरे कारण घराचे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये यंत्राची करवत चालवता येत नाही; शेजारी तक्रार करतील आणि भुसा श्वासात जाईल. रंध्याने निघालेले पापुद्रे जमिनीवर पडतात आणि झाडूने भरता येतात. मूल शेजारी बसून अभ्यास करू शकते. रात्री आठला जेवणाआधी एक सांधा घासून बघता येतो. हे काम घराच्या आवाजात मिसळून जाते, आणि म्हणूनच ते घरी होऊ शकते.

इथे एक ऋण मान्य केले पाहिजे. ही विद्या आपल्याकडे शतकानुशतके एका जातीच्या हातांत, कमी मोबदल्यात आणि पुस्तकाबाहेर राहिली. ज्यांनी ती जपली त्यांच्या नावांची नोंद कुठेही नाही. माझी स्थिती त्यांच्यापेक्षा सोयीची आहे. पोटासाठी नव्हे, आवडीसाठी मी हे शिकलो, तेही पेठेतल्या एका निवृत्त मिस्त्रींकडून. पहिल्या दिवशी त्यांनी मला रंधा दिला नाही. फक्त त्याचे पाते आणि निसणा दिला. सागात सिलिकाचे बारीक कण असतात, धार लवकर मरते, म्हणून धार लावता आल्याशिवाय सागाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. तीन दिवस मी पाते घासत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी मनगटावरचे केस त्या पात्याने साफ करून दाखवले आणि म्हणाले, "आता तुमचा हात लाकडाला लागू द्या."

या पुस्तकाचा आराखडा त्यांच्या शिकवण्यावर बेतला आहे. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कपाट आहे: तीन फूट उंच, दोन दारे, दोन कप्पे, एक ड्रॉवर. वर सांगितलेल्या पहिल्या दोन उत्तरांचा त्यात एकत्र उपयोग होतो. बाहेरचा सांगाडा डव्हटेलने, दारे चौकट-पॅनेलने. एकच वस्तू सावकाश करताना ज्या चुका होतात आणि ज्या दुरुस्त्या सुचतात, त्यांतून बाकीचे सारे फर्निचर पुढे करता येते, असा माझा अनुभव आहे. हत्यारे मोजकीच लागतात. दोन करवती, एक रंधा, पाव, अर्धा आणि एक इंची अशा तीन पटाश्या, गुण्या, कडेला समांतर रेघ मारणारा गेज, गिरमिट, लाकडी हातोडी, निसणा आणि चार शिकंजे. कामासाठी मोठे टेबल नसेल तर जमिनीवर बसून कसे करायचे हेही सांगितले आहे, कारण आपल्या सुतारांनी ते शतकानुशतके तसेच केले. मापे इंच-सुतांत आणि मिलिमीटरमध्ये अशी दोन्ही दिली आहेत. कोरीवकाम, विजेची यंत्रे आणि प्लायवूड यात नाही. त्यासाठी वेगळी पुस्तके हवीत.

वाचकाने एक गोष्ट मात्र धरून ठेवावी. या पुस्तकातली मापे आज्ञा म्हणून घेऊ नयेत. पटाशीने कोरलेल्या खाचेचे माप घेऊन दुसरीकडे कुसू करू नये. खाच झाली की कुसू तिच्यावर प्रत्यक्ष ठेवून रेघ मारावी आणि रेघेच्या बाहेरून कापावे, मग बसेपर्यंत घासावे. हातकामातली अचूकता आकड्यांतून येत नाही, एका भागाला दुसऱ्याशी जुळवण्यातून येते. म्हणूनच घरी केलेली दोन कपाटे कधी तंतोतंत सारखी होत नाहीत, आणि एकाचे ड्रॉवर दुसऱ्यात बसत नाहीत.

शेवटी मिस्त्रींची एक सवय सांगतो. दार बसवले की त्याच्या मागच्या बाजूला ते पेन्सिलने महिना लिहीत. वैशाखात बसवलेल्या दाराला ते भोवती मोकळी फट ठेवत, श्रावणात बसवलेले जवळजवळ चिकटून बसवत, कारण एक पुढे फुगणार आणि दुसरे पुढे आकसणार. दहा वर्षांनी कुणी रंधा घेऊन आला, तर त्याला दाराच्या मागे पाहून कळावे की कापायचे की थांबायचे. राजापूरच्या फडताळाचे दार आता माझ्याकडे आहे. घर विकताना तेवढे मी उतरवून आणले. त्याच्या मागे जुन्या मोडीसारख्या वळणाने दोन अक्षरे आहेत. बराच वेळ ती मला लागली नाहीत. मग एका दुपारी लागली: माघ. कोरड्या महिन्यात बसवलेले दार, भोवती एका सुताची जागा ठेवून. श्रावणात ते त्या जागेपलीकडेही थोडे फुगे, पण मार्गशीर्षाची वाट पाहण्याइतकेच. आजीने ते तासू दिले नाही, म्हणून ते चैत्रातही नेमके बसे. तुमचे कपाट पुरे झाले की तुम्हीही दाराच्या मागे महिना लिहा.